चिकटपट्टीखालचं बटण

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवाल्याशी भांडत होतो. सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर आणून द्यायचा की खालीच टेकवून पळायचं, या विषयावर सांगलीतल्या आमच्या इमारतीच्या दारात सकाळी सकाळी आमची जुंपली होती. खिशातला फोन वाजला. साताऱ्याहून शालनवहिनी होत्या, दिनकरची बायको. त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि मी सवयीप्रमाणे "हां हां वहिनी, करतो नंतर" म्हणून फोन कापला. गॅसवाल्याला आणखी दोन वाक्यं सुनावली. तिसरं तोंडात होतं, तेवढ्यात वहिनी काय म्हणाल्या ते डोक्यात शिरलं... "भाऊजी, हे गेले हो पहाटे." गॅसवाला म्हणाला, "काका, काय झालं? बसा बरं खाली." आणि ज्याच्यावरून भांडत होतो त्याच सिलिंडरवर मी बसलो. वर नेऊन ठेवला तो त्यानंच.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे काही लिहिणार आहे ते माझ्या या एका खोडीमुळंच घडलंय. मला थांबता येत नाही. नाव शांतिनाथ, ते ठेवणाऱ्यांनी बाळ झोपलेलं असताना बघितलं असणार, असं माझी बायको पद्मा म्हणते. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून सगळी नोकरी सांगली, मिरज, कराड, सातारा अशी मोटारसायकलवर काढली. दोन पेशंटच्या मधे डॉक्टर मान वर करणार, तेवढ्यात बॅग उघडायची, गोळीचं नाव घ्यायचं, हसायचं आणि बाहेर पडायचं. असल्या माणसाचा अर्धा जन्म उभ्यानंच जातो. बसला तरी पाय हलतो. आणि अशा माणसाचा सगळ्यात जवळचा दोस्त कोण, तर दिनकर. मेढ्याच्या शाळेत भूगोल शिकवणारा, एखाद्या टेकडीकडं अर्धा तास बघत बसेल असा मास्तर.

दिनकरचं नाव साताऱ्याबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. त्यानं पुस्तक लिहिलं नाही, भाषण केलं नाही. त्यानं एकच काम केलं. माणसं बघून त्यांना डॉक्युमेंट्री सुचवल्या. तो डॉक्युमेंट्री म्हणायचा नाही, 'खरा पिक्चर' म्हणायचा. दर शनिवारी दुपारी आमच्या फोनवर त्याची लिंक यायची, खाली एक ओळ, "बघ आणि सांग." सगळ्यांना एकच नाही हं! प्रत्येकाला वेगळी. त्याच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला त्यानं परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यावरची फिल्म दिली होती. तो बिचारा चार दिवस येईल त्याला सांगत होता की तिकडंबी चादरीचा कोपरा आमच्यासारखाच दुमडत्यात. आमच्या पद्माला उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरल्यावर आपल्या बुडालेल्या घराचं जोतं शोधायला जाणाऱ्या बायकांची दिली. ती बघून पद्मा दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, का ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणायचो, "दिन्या, मी डॉक्टरांना गोळ्या खपवतो, तू लोकांना पिक्चर खपवतोस. आपला धंदा एकच." तो म्हणायचा, "गड्या, तू पेशंटला कवा बघितलंस? मी आधी माणूस बघतो."

आमची ओळख कॉलेजातली. सांगलीत एका खोलीत आम्ही तीन वर्षं राहिलो. तो कोयनानगरहून आलेला, वडील धरणावर कामाला. त्या वसाहतीत वाढल्यामुळं त्याला एक विचित्र सवय होती. जमीन हलली की आम्ही सांगलीकर चपला सोडून रस्त्यावर, आणि हा आधी मान वर करून पंखा किती हलतोय ते बघणार, मग सावकाश उठणार. "पळायचं हाय ते बघून तरी पळावं की," म्हणायचा. तेव्हा थेटरात मुख्य पिक्चरच्या आधी सरकारी माहितीपट दाखवायचे. बंधारे, गोबरगॅस, कुठंतरी आलेला पूर. तेवढ्या वेळात अख्खं थेटर बाहेर वडा खात उभं असायचं. दिनकर मात्र आत. एकदा मी वडा खाऊन आत शिरतोय तर हा बाहेर निघालेला. म्हटलं, "अरे, आता सुरू होतोय पिक्चर!" तर म्हणाला, "माझा झाला." त्या दिवशी कुठल्यातरी डोंगरात दोरीचा पूल बांधणारे लोक दाखवले होते म्हणे. त्यानंतर त्याला हाणामारी बघायची इच्छाच राहिली नव्हती. मी त्याला येडा म्हटलं आणि त्याच्या तिकिटाच्या खुर्चीवर पाय टाकून पिक्चर बघितला.

मेढ्याला तो मास्तर झाला तेव्हा माझ्या फिरतीत जावळी तालुका होता. तिथले दोन डॉक्टर उरकले की मी शाळेत डोकावायचो. एकदा गेलो तर हा पेपर तपासत बसलेला आणि एकटाच हसतोय. घटक चाचणीत त्यानं नकाशात नद्या दाखवायला सांगितल्या होत्या. कोयना, वेण्णा, उरमोडी... आणि मधेच घातली होती 'शेवंती'. अशी नदीच नाही! पोरांनी एकमेकांचं बघून शेवंती नदी झोकात काढली होती. कुणी महाबळेश्वरातून उगम दाखवलेला, कुणी ती वेण्णेला मिळवलेली, एकानं तर तिच्यावर धरणसुद्धा बांधलं होतं. फक्त एका मुलीनं लिहिलं होतं, 'सर, शेवंती मला सापडली नाही.' तिला त्यानं पैकीच्या पैकी दिले. मी म्हटलं, "आणि बाकीच्यांना काय शिक्षा?" तो म्हणाला, "शिक्षा कशाची? कोण बघतंय आणि कोण नुसतं दाखवतंय तेवढं मला कळलं. बास की." त्यानं त्या पोरांना कधी सांगितलंही नाही. कित्येकांना आजही वाटत असेल की जावळीत शेवंती नावाची नदी आहे.

निवृत्त झाल्यावर तो साताऱ्यात राहायला आला. घर लहान, पण समोरच्या खोलीच्या खिडकीतून अजिंक्यतारा किल्ला दिसायचा, आणि त्याच भिंतीला त्यानं मोठा टीव्ही लावला. मी कधी साताऱ्याला गेलो की बळजबरीनं बसवायचा. पहिल्यांदा बसवलं तेव्हा एका दूरच्या बेटावर टपाल वाटणाऱ्या बाईची फिल्म होती. बाई चालतेय. चालतेय. कुंपण येतं, ते उघडते, बंद करते, परत चालते. पंधरा मिनिटं मी कशीबशी काढली आणि मग रिमोट उचलून पुढं पळवलं. "अगं बाई, दे एकदाचं ते पत्र!" दिनकर उठला, आतून औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी आणली, दातानं एक तुकडा तोडला, आणि रिमोटवरच्या पुढं पळवायच्या बटणावर चिकटवून अंगठ्यानं दाबला. "हे तुझ्यासाठी," म्हणाला आणि फिल्म परत पहिल्यापासून लावली! वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मात्र पेटलो होतो. तासभर त्या बाईबरोबर चाललो तेव्हा कुठं सुटका झाली.

त्याचे कायदे होते. एकट्यानं बघायचं नाही, कुणीतरी शेजारी पाहिजे. बघताना ताट घेऊन बसायचं नाही. संपल्यावर चहा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि रविवारी संध्याकाळी पाचला त्याचा फोन. पाचच का, तर आमच्याकडं जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवण असतं, त्याच्या आत बोलणं उरकायला हवं म्हणून. माझ्यासाठी त्यानं ती वेळ धरली आणि ती कधी चुकवली नाही. फोनवर तो "आवडली का" असं विचारायचा नाही. "काय दिसलं?" असं विचारायचा. लोक त्याला सांगायचे, तो ऐकायचा, मधेच "व्हय व्हय" म्हणायचा. इस्त्रीवाल्याशी तो चाळीस मिनिटं बोलायचा. माझं पाच मिनिटांत आटपायचं.

आता कबूल करतो. दिनकरनं आजवर दिलेल्या फिल्मांपैकी मी पूर्ण बघितलेल्या, त्याच्या घरच्या सोडल्या तर, एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. माझी एक रीत ठरून गेली होती. पहिली सात मिनिटं, शेवटची तीन, मधे कुठंतरी एकदा टिचकी मारायची आणि लोकांनी खाली लिहिलेले दोन-चार शेरे वाचायचे. एवढ्या मालावर मी पाच मिनिटं झकास बोलत असे. स्वतः कधी न घेतलेल्या गोळीबद्दल डॉक्टरसमोर बोलायची सवय होतीच. पद्मा म्हणायची, "एवढ्या खोट्यापेक्षा बघून टाका ना सरळ." मी म्हणायचो, "त्याला आनंद होतोय ना? मग झालं तर!"

गेल्या वर्षी त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. मिरजेत उपचार सुरू झाले आणि तो वहिनींना घेऊन डोसाच्या आधी नि नंतर आमच्याकडं उतरायचा. केमोचे सहा डोस सांगितले होते. नेणं, आणणं, रिपोर्ट, डॉक्टरांची वेळ, सगळं मी अंगावर घेतलं. माझ्यासारख्याला पळापळीचं काम म्हणजे पर्वणीच. सलाईन चढत असताना पाच-पाच तास त्याच्या शेजारी बसायचं काम मात्र पद्मा आणि वहिनी आळीपाळीनं करायच्या, मी खाली औषधाच्या दुकानात, मग पार्किंगात, मग चहाला. एकदा तो म्हणाला, "शांत्या, बस की रं जरा." मी म्हटलं, "आलोच," आणि खाली गेलो. चार डोस झाले. चौथ्यानंतर तो फार खचला. डॉक्टरांनी सांगितलं, उरलेले दोन दिले तर काही महिने वाढतील बहुतेक, खात्री कुणी देणार नाही. पाचव्याची तारीख घेऊन दोघं साताऱ्याला गेले.

त्या शनिवारी दुपारी लिंक आली. थंड मुलुखातल्या एका म्हाताऱ्या नावाड्याची फिल्म. खाली नेहमीची ओळ नव्हती. लिहिलं होतं, "ही नीट बघ." मी सात मिनिटं बघितली. धुकं, नदी, पांढऱ्या दाढीचा म्हातारा वल्ही मारतोय, लोकांना या तीरावरून त्या तीरावर सोडतोय. मग शेवटची तीन. नाव काठावर उपडी घालून ठेवलेली आणि एक बाई खिडकीचा पडदा ओढतेय. माझ्या डोक्यात चित्र पक्कं झालं. म्हातारा थकला, त्यानं नाव बंद केली. सरळ गोष्ट! रविवारी पाचला फोन आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "काय दिसलं" वगैरे काही नाही. थेट म्हणाला, "म्हाताऱ्यानं केलं ते बरोबर केलं का रं?" मी पटकन म्हणालो, "शंभर टक्के बरोबर! किती दिवस वल्ही मारणार? माणसानं वेळेवर थांबावं." तो मग म्हणाला, "आणि ते कुत्रं?" मी म्हणालो, "कुत्रं तर एकच नंबर! डोळ्यांत पाणी आलं, दिन्या." तो हसला. बराच वेळ हसला, मग त्याला खोकला आला. "बरं, जेव जा. दिवस मावळंल," म्हणाला.

पाचव्या डोसाला तो आला नाही. मला फोनवर म्हणाला, जरा ताकद भरू दे, पुढं ढकललाय. मी म्हटलं ठीक आहे. पुण्याला एका लग्नाला जाताना मी वाटेत चाळीस मिनिटं त्याच्याकडं थांबलो. तो खिडकीजवळ उशीला टेकून बसला होता, हाताची कातडी सुटलेली. मला ते बघवेना, म्हणून मी बोलत सुटलो. हायवेचं काम, जावयाची बदली, हळदीचे भाव... तो ऐकत होता. मी उठलो तेव्हा म्हणाला, "लगेच?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी मुक्कामालाच येतो." त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गॅसवाल्याच्या भांडणातला फोन आला.

दहाव्याला वहिनी माझ्याशी फारशा बोलल्या नाहीत. निघताना दारात म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? त्या रविवारी तुमच्याशी बोलून फोन ठेवला आणि मला म्हणाले, आता मिरजेला जायचं न्हाई. मी रडले, भांडले. तर म्हणाले, शांत्याला विचारलंय, त्यालाबी पटलंय." मग पायातली चप्पल उगाच सारखी करत म्हणाल्या, "तुमी औषधातलं माणूस. तुमी तरी म्हणायचं हुतं, एवढं दोन होऊ देत म्हणून." मी उभाच राहिलो. काय पटलं होतं मला? कशाला हो म्हणालो होतो मी? नावेला! उपडी घातलेल्या एका नावेला मी हो म्हणालो होतो! वहिनींना यातलं काही सांगायचं धाडस झालं नाही. पद्माला घेऊन गाडी काढली आणि सांगलीची वाट धरली.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. फोनमध्ये ती लिंक तशीच होती. उघडायचो, धुकं दिसायचं, बंद करायचो. सकाळी फिरायला निघालो की पुलापर्यंत जायचो आणि कृष्णेकडं न बघता परत यायचो. जेवताना उठायचो, पेपर अर्धा टाकायचो, भाजीवाल्याशी, बँकेत, शेजाऱ्याशी, जिथं जाईन तिथं भांडण. मनात एकच. माझ्या एका खोट्या होकारावर माझा मित्र दोन डोस सोडून घरी गेला. ते दोन डोस म्हणजे काही महिने. त्या महिन्यांत एखादी दिवाळी आली असती. पद्मा एक दिवस वैतागून म्हणाली, "बघून तरी टाका एकदा, काय आहे त्यात." मी म्हटलं, "एकट्यानं बघायची नाही." ती म्हणाली, "मग मी बसते." पण ती फिल्म कुणाच्या शेजारी बसून बघायला हवी होती, ते मला कळत होतं.

रविवारी सकाळी साताऱ्याला गेलो. जेवणं झाल्यावर वहिनींना म्हटलं, "त्यानं मला दिलेला शेवटचा पिक्चर तुमच्याबरोबर बघायचाय." त्या म्हणाल्या, "त्यो मी बघितलाच न्हाई. सगळं माझ्यासंगट बघायचं, पण त्या दिवशी मला जाऊबाईंकडं धाडलं. एकट्यानंच बघितला." म्हणजे आपला कायदा त्यानं स्वतः मोडला होता... वहिनींनी रिमोट आणून माझ्या हातात दिला. चिकटपट्टी कडांना काळी पडली होती, पण पक्की होती. अंगठा सवयीनं तिथंच गेला आणि तिच्यावर अडकला.

नव्वद मिनिटं मी हललो नाही. म्हाताऱ्याला आजार असतो. शहरातल्या इस्पितळात त्याला आणखी एक ऑपरेशन करू म्हणतात. तो पिशवी घेऊन बसनं गावी परत येतो. आपल्या नावेत बसवून तो त्याच्या जुन्या दोस्ताला, पलीकडच्या धक्क्यावर तिकिटं फाडणाऱ्याला विचारतो, काय करू? आणि तो दोस्त काही बोलत नाही. दीड मिनिट तरी काही बोलत नाही. नदीकडं बघतो, म्हाताऱ्याकडं बघतो, टोपी काढतो, परत घालतो. मग थर्मासमधला चहा दोघांसाठी ओततो. एवढंच. पडद्यावर काहीच होत नाही, आणि वहिनी माझ्या शेजारी हुंदके देत होत्या. मी याच्यावरून उडी मारून पुढं गेलो होतो. मला बसवत नव्हतं, पण मी बसलो, आणि रडता रडता एका गोष्टीची वाट बघत होतो. कुत्र्याची. आता येईल, धक्क्यावर येईल, घरी आल्यावर येईल, म्हाताऱ्याच्या पायाशी बसलेलं दिसेल... नाव उपडी झाली. बाईनं पडदा ओढला. फिल्म बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. कुत्रं आलंच नाही.

अख्ख्या फिल्ममध्ये कुत्रं नव्हतं. मी शेवंती नदी काढली होती, धरणासकट.

चहा होईपर्यंत बोलायचं नाही, पण मला राहवलं नाही. वहिनींना सगळं सांगितलं. सात मिनिटं, तीन मिनिटं, नाव, होकार, कुत्रं. त्या मग म्हणाल्या, "त्या रविवारी मी आतनं आले तवा फोन ठेवत हुते. हसत हुते आणि डोळं पुसत हुते. मला म्हणाले, शालन, शांत्याला कुत्रं दिसलं. मला वाटलं, तुमच्या दारात कुणाचं तरी आलं असंल."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. माझा होकार पोकळ आहे हे त्याला तिथंच कळलं होतं, आणि तोच पोकळ होकार त्यानं उचलून वहिनींपुढं ठेवला, त्यांनी भांडू नये म्हणून! मला असा राग आला म्हणून सांगू... "लबाड! मास्तर कसला, लबाड!" मी मोठ्यानं बोललो. माझ्या बोलण्यावर तो गेला नव्हता, त्याचं आधीच ठरलं असणार. छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. क्षणभर उतरलाही. पण लगेच दुसरं डोक्यात आलं, आणि ते अजून निघत नाही. ठरलेलं होतं तर त्यानं मला विचारलं कशाला? "ही नीट बघ" असं कशाला लिहिलं? ज्या माणसाला बसता येत नाही, त्यालाच त्यानं त्या नावेत बसायला बोलावलं होतं. मी काही शहाणपणाचं सांगावं अशी त्याची अपेक्षा नसणार. मी फिल्म बघितली असती तर मला बोलताच आलं नसतं. मी म्हटलं असतं, थांब, गाडी काढतो, येतो. आलो असतो आणि त्याच्या शेजारी बसलो असतो. त्यानं कुत्र्याचं विचारून बघितलं की मी तिथं आहे का... आणि मी नव्हतो. म्हणून तो हसला आणि मला जेवायला पाठवलं. दिन्या, माझं चुकलं रे.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवून म्हणाल्या, "आता तरी खरं सांगा भाऊजी. बरोबर केलं का हो यांनी?" कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडं उत्तर तयार असतं. त्या दिवशी नव्हतं. मी खिडकीतून किल्ल्याकडं बघत राहिलो, वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या, चहावर साय धरली.  शेवटी म्हणालो, "मला नाही माहीत, वहिनी." त्या म्हणाल्या, "मलाबी." आणि दोघांनी तो गार चहा प्यायला.

परत आल्यावर मी घरातल्या रिमोटवरच्या त्या बटणावर चिकटपट्टी लावली. पद्मा हसली, पण काढली नाही. त्यानं धाडलेल्या सगळ्या लिंका फोनमध्ये आहेत. पहिल्यापासून सुरुवात केलीय, दर रविवारी दुपारी एक, पद्मा शेजारी. पाय अजून हलतो. अर्ध्यात उठावंसं वाटतं, कधी उठतोही, पाणी पिऊन परत येऊन बसतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाला घरी बसून काही बघायचं असेल तर दिनकरकडून एवढंच पुढं देतो, की कुणाला तरी शेजारी बसवा आणि पुढं पळवू नका. बाकी कुठली बघायची ते माणूस बघून सांगावं लागतं, आणि सांगणारा गेला.

परवाच्या रविवारी पाचला फोन वाजला. साताऱ्याहून. मी कापला नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती टपालवाल्या बाईची परत बघितली म्हणं तुमी? पद्मा सांगत हुती." म्हटलं, "बघितली." त्यांनी विचारलं, "काय दिसलं?" मी सांगितलं. ती प्रत्येक कुंपण उघडल्यावर परत बंद करते, मागं वळून खात्री करते, आणि मला पहिल्यांदा ते दिसलंच नव्हतं. त्या "व्हय व्हय" म्हणत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि ती शेळी?"

मी पूर्ण आठवून बघितलं. कुंपणं, पायवाट, समुद्र, दारं.

"शेळी नाही त्यात, वहिनी."

पलीकडं बराच वेळ आवाज आला नाही. मी थांबलो. मग त्या म्हणाल्या, "बरं. जेवा आता. दिवस मावळंल."